गफूरचाचांची ट्रायल

गफूरचाचांच्या गॅरेजात गाडी आली की ड्रायव्हरला आधी खाली उतरून बाकड्यावर बसावं लागायचं. चाचा गाडीकडे बघायचेसुद्धा नाहीत. ते ड्रायव्हरसमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "कधी होतंय? थंड असताना का तापल्यावर? उतारावर का सपाटीला?" ड्रायव्हर बिचारा सगळ्यात आधी आपली अक्कल पाजळायला जायचा. "चाचा, मास्टर सिलिंडर गेलाय वाटतं." की चाचांचा हात वर झालाच. "रोग तू सांगू नको लेका. दुखायलंय कुठं, तेवढंच सांग."

त्यांचं गॅरेज थेरगावात, डांगे चौकाजवळच्या बाजाराच्या मागे होतं. पत्र्याची शेड, पुढे एक कडुनिंब, आणि काम एकच, ब्रेक. इंजिनाचं काम घेऊन कुणी आलं तर ते त्याला शेजारच्या गल्लीत पाठवायचे. "गाडी चालू करायला धा जण हाईत," म्हणायचे, "थांबवायला मी हाय."

माझे बाबा पिकअप चालवतात. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमधला माल चाकणच्या कंपन्यांत पोचवतात. गाडी जुनी, माझ्या शाळेच्या सुरुवातीपासूनची. बाबांची गाडी चाचांकडे असली की मी कॉलेजातून येताना तिथे थांबायची आणि बाबांबरोबर घरी जायची. त्यामुळे चाचा मला माहीत आहेत ते बाकड्यावरून बघितलेले. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही, ते सांगण्याचा माझा अधिकारही नाही.

ते उदगीरचे. तरुणपणी इकडे एका कंपनीत लागले होते, पण टिकले नाहीत. "दिवसभर एकच नट आवळायचा. कुठल्या गाडीला लागायलाय, गाडी कुठं चालली, काही कळंना. सोडलं." उंच माणूस, मेंदी लावलेली दाढी, आणि अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. गॅरेजात पांढरा शर्ट घालणारा मिस्त्री मी दुसरा पाहिला नाही. वरून रेक्झिनचा जुना एप्रन बांधायचे, बाह्या मोजून दुमडायचे, आणि काम संपलं की समोर असेल त्या गाडीच्या आरशात दाढी नीट करायचे. विनय वगैरे त्यांच्याकडे नव्हता. "ह्या रोडला ब्रेक समजणारा माणूस एकच," ते म्हणायचे, आणि तो कोण हे विचारायची कुणाची हिंमत व्हायची नाही.

"बदलून बघू" हे शब्द त्यांना शिवीसारखे लागायचे. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांना पाणी पुरवणाऱ्या एका टेम्पोचा ड्रायव्हर एकदा पिशवीभर नवीन सामान घेऊन आला. लायनर, सिलिंडर, सगळं. चाचांनी ती पिशवी खिळ्याला अडकवली आणि त्याला बाकड्यावर बसवलं. खूप वेळ प्रश्न झाले. शेवटी हँडब्रेकची एक केबल गंजून अडकलेली निघाली. ड्रायव्हर म्हणाला, "मग हे सामान आता घालूनच टाका की." चाचा म्हणाले, "तुझं डोकं दुखलं म्हणून मी तुला नवं डोकं बसवू का?"

आणखी एकदा, तापलेल्या चाकावर एक जण बादलीनं पाणी ओतायला निघाला. आपल्याकडे ही सवय सगळ्या ड्रायव्हरांना आहे, धूर दिसला की पाणी. चाचा त्याच्या हातातली बादली ओढायला गेले आणि निम्मं पाणी त्यांच्याच शर्टावर सांडलं. इस्त्री गेली. "घरी चुलीवरच्या लाल तव्यावर पाणी टाकतो का रे?" "न्हाई." "कामून?" "तडकंल ना चाचा." "मग हा चाकातला ड्रम तुला सासऱ्यानं दिलाय का?" सगळं बाकडं हसलं. चाचा मात्र हसले नाहीत, शर्ट पिळत उभे राहिले.

चहा ते दिवसभर प्यायचे. घरून अमीनाचाचींचा फोन यायचा, आणि चाचा चमच्यानं साखर ढवळत ढवळत सांगायचे, "बिनसाखरेचाच पिलो, खुदा कसम." मग फोन ठेवून पाय चोळायचे. "उभं राहून मुंग्या येतात," म्हणायचे. बूट त्यांनी कधी घातले नाहीत. एक रबरी चप्पल, बारा महिने.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे ट्रायल. काम झाल्यावर ड्रायव्हरला किल्ली लगेच मिळत नसे. चाचा स्वतः गाडी चालवायचे, ड्रायव्हर शेजारी. टेपरेकॉर्डर बंद, खिडक्या उघड्या, बोलायचं नाही. बाजारातून चौकात, चौकातून पुढे, आणि परत. हळू, जोरात, हळू. परत आल्यावर उजव्या पायावर थाप मारून म्हणायचे, "माझा मीटर हा." आणि किल्ली पुढे करून एकच शब्द, "ने." चाचांनी ने म्हटलेली गाडी लोक डोळे मिटून घेऊन जायचे. बाबासुद्धा.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात जे झालं, ते आम्हाला पचलं नाही.

आमच्या पिकअपचं मागचं डावं चाक तापत होतं. चाचांनी ते खोललं, सिलिंडर साफ केला, रबरं बदलली, ट्रायल घेतली आणि "ने" म्हणाले. दोन-तीन दिवस गाडी छान चालली. मग एका दुपारी मी बाबांबरोबर चाकणला मावशीकडे चालले होते. हौद्यात लोखंडी पार्ट होते, मोशीच्या पुढे गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या, आणि इंद्रायणीच्या पुलावर चढताना बाबा म्हणाले, "गाडी ओढंना."

त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी कुरकुरली, थोडी पुढे गेली, आणि थांबली. जळाल्याचा वास आला. आरशात मला आमच्या मागे एक कंटेनर दिसत होता, इतका जवळ की त्याच्या काचेतला ड्रायव्हरचा हात हलताना दिसत होता. तो हॉर्नवरून हात काढतच नव्हता. बाबा पेडलवर पाय द्यायचे, सोडायचे, आणि पुटपुटायचे, "सोड गं बाय, सोड." पाय काढला होता तरी ब्रेक सुटत नव्हता. चारही चाकं धरली होती. मला त्या क्षणी एवढंच कळलं, की हीच गोष्ट वेगात असताना झाली असती तर मागचा कंटेनर थांबला नसता.

बाजूचा एक जण बाटली घेऊन चाकावर पाणी टाकायला आला, त्याला बाबांनी ओरडून परत पाठवलं. बऱ्याच वेळानं गाडी थंड झाली आणि आपोआप सुटली, जसं काही झालंच नव्हतं.

संध्याकाळी आम्ही गॅरेजात गेलो तेव्हा बाबांचा आवाज चढलेला होता. "चाचा, पोरगी होती गाडीत! तुमी ने म्हनला म्हनून नेली."

बाकड्यावर दोघे-तिघे ड्रायव्हर होते. त्यांतला एक, संपत नावाचा बाबांचा मित्र, हळूच म्हणाला, "चाचांचं वय झालं राव. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाक." चाचांनी ते ऐकलं. त्यांनी जॅक लावून एकेक चाक उचललं आणि हातानं फिरवलं. चारही चाकं मोकळी, गरगर फिरणारी. त्यांचा चेहरा पडला. दोष दिसत असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"गाडी जाणार न्हाई," ते म्हणाले.

"उद्या माल हाय माझा," बाबा म्हणाले.

"दुसऱ्याची गाडी लाव. दत्ता, ही गाडी मी समजल्याबिगर सोडणार न्हाई. आणि समजलं न्हाई तर," ते थांबले, शर्टाची बाही उगाच नीट केली, "तर शेडला कुलूप लावीन. ज्याला ब्रेक समजंना त्यानं लोकांच्या गाड्या कशाला धरून ठेवायच्या?"

असं बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. बाबांनी किल्ली बाकड्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी ठरवलं, ब्रेक तापवायचा. "तापल्यावरच धरतोय ना? मग तापल्यावरच बघू. थंड गाडी खोटं बोलायलीय." हौद्यात बाबांनी रद्दी लोखंड भरलं. चाचा म्हणाले, "ब्रेक तापवायला हिंजवडीसारखी जागा न्हाई. कंपन्या सुटायच्या टायमाला जाऊ." आई मला म्हणाली, तूही जा, दोघांचं भांडण होऊ देऊ नकोस. मी काय भांडण थांबवणार होते, पण गेले. केबिनमध्ये मी मधे बसले. चाचा स्टिअरिंगवर, बाबा खिडकीशी.

वाकडच्या पुढे गर्दी लागली. कंपन्यांच्या कॅब, बस, मधूनमधून घुसणाऱ्या स्कूटर. चाचा मुद्दाम सारखा ब्रेक लावत होते, सोडत होते. कुणी बोलत नव्हतं. थोड्या वेळानं बाबा खिडकीबाहेर डोकं काढून म्हणाले, "वास यायला लागला."

"येऊ दे."

माझी नजर सहज खाली गेली. चाचांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती.

ती पायातून निघून पुढे सरकली होती आणि ब्रेकच्या पेडलखाली आडवी गेली होती. चाचांचा उघडा पाय पेडलवर होता. त्यांना पत्ताच नव्हता. मला वाटलं, त्यांनी मुद्दाम काढली असेल. मी विचारू की नको असं करत राहिले, कारण ट्रायलमध्ये बोलायचं नसतं. तेवढ्यात उजवीकडून एक कॅब आमच्या पुढे घुसली आणि जागच्या जागी थांबली.

चाचांनी ब्रेक दाबला. पेडल थोडं गेलं आणि चपलेवर अडलं. गाडी थांबेना.

"चाचा, चप्पल!" मी ओरडले. ते खाली बघण्याऐवजी माझ्याकडेच बघत राहिले. बाबांनी माझ्या मांडीवरून झेप घेतली आणि हँडब्रेक ओढला. लोखंडाचा ढीग हौद्यात पुढे आदळला. आमची गाडी कॅबच्या मागे थांबली तेव्हा मधे हात घालायला जागा नव्हती. कॅबमधली एक मुलगी मान वळवून आमच्याकडे बघत होती, आणि मग तिनं पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. तिला काय टळलं ते कळलंही नसेल.

बाबांनी हँडब्रेक सोडला, गिअर न्यूट्रलला टाकला. चाचा आणि ते खाली उतरून गाडी कडेला ढकलायला लागले. दोन सिक्युरिटीवाले मदतीला आले. गाडी हलेना.

"धरलं!" चाचा ओरडले. "दत्ता, धरलं रे! थंड व्हायच्या आत बघू!"

आणि ते तसेच, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, तापलेल्या डांबरावर, पान्हा घेऊन गाडीखाली शिरले. बाबा गळ्यातला टॉवेल हलवत मागच्या गाड्या वळवत होते. शिव्या येत होत्या. "गाडी लावायला जागा हीच भेटली का काका?" चाचांचे अर्धे पाय रस्त्यात. मी त्यांच्या पायांशी उभी राहिले, कुणाचं चाक त्यावरून जाऊ नये म्हणून. उघड्या तळव्यात एक पत्र्याचा कीस रुतलेला मला दिसला. बाजूनं रक्त आलं होतं. पाय शांत होता. दुखणाऱ्या माणसाचा पाय असा नसतो.

चाचांनी मागच्या चाकाचा निप्पल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा बारीक स्क्रू, सैल केला. ऑइलची चिळकांडी जोरात उडाली. "फिरव!" बाबांनी गाडीला धक्का दिला. गाडी किंचित हलली, पण पुढची चाकं अजून धरलेली. चाचा बाहेर आले आणि आम्हाला सांगण्यापेक्षा स्वतःलाच सांगितल्यासारखे बोलले, "निप्पल सोडला की चाक सुटायलंय. म्हणजे चाकात काही न्हाई. ऑइल आत कोंडलंय. वरून परत जाईना." बॉनेट उघडून त्यांनी मास्टर सिलिंडरचा पाइप जरा सैल केला. पुन्हा चिळकांडी, आणि गाडी इतकी मोकळी झाली की बाबांना ती धरून ठेवावी लागली.

मग चाचा केबिनच्या दारात गुडघ्यावर बसले, चप्पल बाजूला सारली आणि ब्रेकचं पेडल हातानं दाबलं. एका बोटानं. पुन्हा दाबलं. त्यांचा चेहरा मला दिसत होता. आधी आश्चर्य, मग काहीतरी वेगळंच.

"ह्याला मोकळी जागाच न्हाई," ते हळू म्हणाले. "पेडल सोडलं तरी त्याच्या मागचा रॉड सिलिंडरला आत दाबूनच ठेवायलाय. तापलं की ऑइल फुगणार, जाणार कुठं? हा रॉड कुणी वाढवला, दत्ता?"

बाबा म्हणाले, "संपतनं. भोसरीच्या पार्किंगला. पेडल खाली जात व्हतं, आपल्याला जरा वर लागतं. त्यानं दोन आटे दिले."

"माझ्याकडं यायच्या आधी?"

"व्हय."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"तुमीच म्हनता ना चाचा," बाबा खाली बघत म्हणाले, "रोग तू सांगू नको."

शेजारून बस गेली, हॉर्न वाजत राहिले. चाचा गुडघ्यावर तसेच. मला वाटलं ते आता बाबांवर ओरडतील. तसा त्यांना हक्क होता. ते म्हणाले, "त्यानं आटे दिले ती त्याची चूक. तू बोलला न्हाईस ती माझी सवय. पण त्या दिवशी ट्रायल मी घेतली. पाय ठेवल्या ठेवल्या कळायला पाहिजे होतं. पोराला कळंल एवढी साधी गोष्ट." त्यांनी रक्ताळलेला तळवा वळवून बघितला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. "ह्या पायाला काही कळंना. साल झालं असंल. कुणाला बोललो न्हाई. अमीनालापण."

बाबांनी टॉवेल फाडून पायाला बांधला. चाचांनी बांधू दिला. मग त्यांनीच डॅशबोर्डखाली डोकं घालून रॉडचा नट सैल केला, आटे मागे घेतले, पेडल बोटानं पुन्हा पुन्हा दाबून बघितलं, पाइप आवळला, ऑइल भरलं, हवा काढली. ते काम करताना त्यांचे हात मात्र पूर्वीसारखेच होते, घाई नाही, एकही हालचाल वाया नाही.

काम झालं. आता ट्रायल. बाबा सवयीनं खिडकीच्या बाजूला गेले, तर तिथे दार उघडून चाचा आधीच बसलेले.

"चाचा, तुमी चालवा की. हळूहळू जाऊ."

"तू चालव."

"अवो पर—"

"दत्ता, तू चालव." मग थोड्या वेळानं, "आणि बोल. पाय ठेवला की काय लागतंय, सगळं बोलून सांग."

बाबा पहिल्यांदाच ट्रायल घेत होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं. "ठीक हाय," म्हणाले. चाचा चिडले. "ठीक म्हणजे काय? पेडल किती गेल्यावर धरलं? सुपारीएवढं का लिंबाएवढं?"

"सुपारी... न्हाई, सुपारीपेक्षा जरा जास्त."

"नरम का कडक?"

"कडक."

"पाय सोडल्यावर तुझ्या आधी वर आलं का तुझ्या मागं मागं?"

बाबांनी पुन्हा दाबलं, सोडलं. कपाळाला घाम आलेला. "बरोबर आलं चाचा. पायाला चिकटून."

"परत."

असं करत आम्ही त्या गर्दीतून वाकडपर्यंत आलो. वास आला नाही. गाडी सपाटीला सोडली की आपोआप पुढे जात होती. तरी चाचा प्रश्न विचारतच राहिले, अगदी आमच्या गल्लीपर्यंत. शेडशी उतरताना "ने" म्हणाले नाहीत. बाबांनाच विचारलं, "तूच सांग, नेतोस का?" बाबा म्हणाले, "नेतो." चाचांनी मान हलवली आणि लंगडत आत गेले. मला वाटलं, उद्या शेडला कुलूप दिसणार.

कायमचं कुलूप लागलं नाही. काही दिवस शेड बंद होती, चाचींनी त्यांना साखर आणि पाय दाखवायला दवाखान्यात नेलं. मग उघडली. बाबा जाऊन आले आणि सांगत होते की चाचा आता पट्ट्याचे बूट घालतात आणि त्यावरून कुणी काही बोललं की खवळतात. दिवाळीनंतर ते उदगीरला मुलाकडे गेले. तिकडे काय करतात मला माहीत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, कॉलेजहून बसनं येताना. डांगे चौकाच्या सिग्नलला आमच्या शेजारी एक अनोळखी पिकअप उभा होता. स्टिअरिंगवर माझ्याच वयाचा एक मुलगा, घाबरलेला, आणि डाव्या बाजूला चाचा, पांढऱ्या शर्टात, डोळे मिटून. मी खिडकीतून हाक मारणार होते. पण त्यांनी बोट वर केलं होतं, त्या मुलाला बोलायला सांगत होते, आणि तो बोलत होता. ओठ हलताना दिसत होते. चाचा मधेच मान हलवून नाही म्हणाले. मुलगा परत सुरू झाला, हातानं काहीतरी एवढंसं दाखवत. चाचांनी डोळे उघडून त्या हाताकडे नीट बघितलं.

सिग्नल सुटला. पिकअप पुढे गेला, उगाचच मधे थांबला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. प्रत्येक वेळी मागचे लाल दिवे लागत होते आणि विझत होते. ते चौकातल्या पुलाआड जाईपर्यंत मी बसमध्ये उभी राहून बघत होते, आणि माझा उजवा पाय नकळत बसच्या पत्र्यावर दाबला जात होता.